हायब्रिड गादी घ्यायची? आधी काट्यावर उभे राहा

दुकानात आलेला माणूस पहिल्यांदा गादी तळहातानं दाबतो. दोनदा दाबतो, मान हलवतो, मग भाव विचारतो. तळहाताचा दाब असा किती असणार? ज्या जागी तुमची कंबर किंवा खांदा रात्रभर टेकणार, तिथं त्याच्या कितीतरी पट भार पडतो. म्हणून हाताला मऊ लागलेली गादी अंगाला कडक निघते, आणि हाताला टणक लागलेली गादी जड माणसाखाली खड्डा धरते. परभणीत या धंद्यात मला पंचवीस वर्षं झाली. गादी मानवली नाही म्हणून परत आलेली बहुतेक गिऱ्हाइकं अशीच हातानं दाबून गादी नेलेली होती.

आमचं घर पिंजाऱ्याचं. अब्बा खांद्यावर पिंजण, म्हणजे कापूस पिंजायचं तात लावलेलं धनुष्य, टाकून सेलू, मानवत, पाथरी, जिंतूर असं फिरायचे. तातीचा आवाज गल्लीत शिरला की बायका जुन्या गाद्या ओट्यावर आणून टाकायच्या. देशी कापूस मिळाला की अब्बा खूश. धागा आखूड, हाताला खरबरीत, पण दाबला की पुन्हा वर येणारा. गादीला तोच हवा. नवी गादी भरायची तर ते आधी माणूस बघायचे. "किती किलोचा गडी हाय? कुशीवर झोपतो का उताणा?" असं सरळ विचारायचे. धिप्पाड गड्याच्या गादीत बारा किलो कापूस, वाळलेल्या म्हातारीच्या गादीत आठ. कुशीवर झोपणाऱ्याच्या गादीला टाके विरळ घालायचे, म्हणजे वरचा कापूस मोकळा राहतो आणि खांद्याला आत जागा मिळते.

मी आता कापूस भरत नाही, हायब्रिड गाद्या विकतो. पण गिऱ्हाईक आलं की अब्बांचेच दोन प्रश्न विचारतो. वजन किती? झोपता कसे?

आत काय असतं

हायब्रिड गादीत खाली स्प्रिंग आणि वर फोम किंवा लॅटेक्सचा, म्हणजे रबराच्या फोमचा, थर असतो. ही स्प्रिंग पॉकेटची असावी. म्हणजे प्रत्येक कॉइल आपापल्या कापडी पिशवीत बसवलेली, एक दाबली तर शेजारची दबत नाही. जुन्या बॉनेल गादीत सगळ्या कॉइल तारेनं एकमेकींना बांधलेल्या असतात, म्हणून एकानं कूस बदलली की दुसरा हलतो. भार पेलायचं काम स्प्रिंगचं, आणि हाडाला बसायला जागा द्यायचं काम वरच्या थराचं. या दोन कामांची वाटणी कळली की निम्मी निवड झाली.

दुकानदाराला थरांचा हिशेब इंचात मागा. आठ इंची गादी असेल तर स्प्रिंग किती, वरचा थर किती, तळाचा किती? पाच इंच स्प्रिंग, दोन इंच वरचा मऊ थर, एक इंच तळ, असा हिशेब असेल तर तो बरा. आमच्या बाजारात लॅटेक्स आणि फोम चिकटवलेल्या बिनस्प्रिंगच्या गादीलाही हायब्रिड म्हणतात. ती गादी वाईट असते असं नाही, पण मी इथं जे सांगतोय ते तिला लागू पडणार नाही. म्हणून "आत पॉकेट स्प्रिंग आहे का?" हे तोंडानं विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

दोन आकडे नीट समजून घ्या, कारण विकणारे त्यांची सरमिसळ करतात. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोमधलं वजन. ३२ डेन्सिटीपेक्षा ४० डेन्सिटीचा फोम जास्त वर्षं टिकतो. तो कडक असेलच असं नाही; ४० चा मऊ फोमही मिळतो. दुसरा आकडा तारेच्या गेजचा, आणि तो उलटा चालतो. १५ गेजची तार साधारण १.८ मिलिमीटर जाड, १३ गेजची २.३ मिलिमीटर. आकडा लहान तेवढी तार जाड आणि स्प्रिंग कडक. "हजार स्प्रिंगची गादी" एवढ्यावर भुलू नका. कॉइल बारीक केल्या की संख्या आपोआप वाढते.

वजन

घरी काटा नसेल तर किराणा दुकानात धान्याच्या काट्यावर उभे राहा. वजन विचारलं की लोक तीन-चार वर्षांपूर्वीचं सांगतात. सत्तर म्हणणारा माणूस काट्यावर ब्याऐंशी भरतो, आणि बारा किलोंनी गादी बदलते.

माझा ठोकताळा असा. साठ किलोच्या आतला माणूस गादीत फार बुडतच नाही. त्याचा भार वरच्या थरातच संपतो, स्प्रिंगपर्यंत पोचत नाही. म्हणून ज्या गादीवर कंपनी "मीडियम" लिहिते, ती त्याला कडक लागते. शंभरच्या वरचा माणूस त्याच गादीवर झोपला तर वरचा थर चेपून थेट स्प्रिंगवर जातो, आणि त्याला ती मऊ लागते. गादी तीच, लेबल तेच. साठ ते शंभरमधल्या लोकांना लेबल बऱ्यापैकी खरं लागतं, कारण गादी त्यांनाच धरून बनवलेली असते.

हलक्या माणसाला सहा ते आठ इंचांची गादी पुरते, फक्त वरचा थर खरोखर मऊ हवा. शंभरच्या आसपास किंवा वर असाल तर दहा इंचांच्या खाली जाऊ नका, तार जाड घ्या, वरचा फोम जास्त डेन्सिटीचा घ्या, आणि कडेची स्प्रिंग वेगळी, कडक बसवलेली आहे का ते बघा. आपल्याकडे पाहुणा आला की पलंगाच्या कडेवरच बसतो, सकाळी घरचा माणूसही तिथंच बसून चहा पितो. कडा कच्ची असेल तर वर्षभरात ती बाजू उतरते.

झोपायची पद्धत

तुम्ही कसे झोपता हे तुम्हाला माहीत असेलच असं नाही. घरच्यांना विचारा, किंवा चार दिवस जाग येताच कोणत्या अंगावर आहात ते बघून ठेवा. झोप लागताना उताणा आणि पहाटे कुशीवर, अशी माणसं पुष्कळ. पहाटेचं धरा.

कुशीवर झोपणाऱ्यांबद्दल जरा जास्त सांगतो, कारण सगळ्यात जास्त चुका त्यांच्या गादीत होतात आणि एक माझ्या हातून झाली आहे. गंगाखेडच्या बाजूच्या एक मावशी, वजन अठ्ठेचाळीस किलो. लेक त्यांच्यासाठी गादी घ्यायला आला आणि "आईची पाठ दुखती, सगळ्यात कडक द्या" म्हणाला. मी मावशींना न बघता सहा इंची कडक हायब्रिड दिली. वरचा थर रिबॉन्डेड फोमचा होता, म्हणजे फोमचा चुरा दाबून केलेला, फळीसारखा. तीन आठवड्यांनी मावशींचा फोन आला. "भाई, खांदा लई दुखायलाय. हाताला मुंग्या यायल्यात."

मी घरी गेलो. मावशी कुशीवर झोपल्या तेव्हा खांदा आणि खुबा गादीवर टेकलेला, आणि मधली कंबर अधांतरी. माझा अख्खा पंजा कंबरेखालून आरपार गेला. सगळं अंग दोन टोकांवर उभं होतं, तर खांदा दुखणारच. पहिल्यांदा दोन इंचांचा लॅटेक्सचा टॉपर, म्हणजे गादीवर अंथरायचा वेगळा थर, टाकून बघितला, त्यानं खांद्याला आराम पडला. पुढं गादीच बदलून दिली. गादी बघायला मावशींना आणा, असं मी लेकाला म्हणायला हवं होतं. त्या दिवसापासून झोपणारा माणूस आल्याशिवाय मी गादी देत नाही, लांबून आलेलं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

कुशीवर झोपणाऱ्याला वरचा थर दोन-तीन इंचांचा, लॅटेक्सचा किंवा मऊ फोमचा, म्हणजे खांदा आत बसेल. साठच्या आत असाल तर मऊ ते मीडियम, मधल्या वजनाला मीडियम, शंभरच्या वर मीडियम-फर्म, म्हणजे मीडियमहून जरा कडक. तपासायचं असं: नेहमीच्या अंगावर झोपा, घरच्या माणसाला मागून मोबाइलवर फोटो काढायला सांगा. मानेपासून माकडहाडापर्यंत कणा सरळ आणि गादीला समांतर दिसला पाहिजे. कंबर झोळीसारखी खाली आली तर गादी मऊ. खांदा वर उचललेला दिसला तर गादी कडक. जमलं तर घरची उशी सोबत आणा, कारण कुशीवर झोपणाऱ्याची उशी साधारण मानेपासून खांद्याच्या कडेपर्यंतच्या अंतराएवढी उंच लागते आणि ती चुकली की फोटोत मान वाकडी दिसते.

उताणं झोपणाऱ्याचं सोपं आहे. कंबरेच्या खळगीत हात घालून बघा. हात सहज आरपार गेला तर गादी कडक, हात शिरलाच नाही तर तुम्ही बुडताय. थोडा अडकत गेला तर बरोबर. मधल्या वजनाला मीडियम-फर्म, हलक्याला मीडियम, जडाला फर्म.

पाठ दुखते म्हणून सगळ्यात कडक गादी मागायची, ही आपल्याकडची पक्की समजूत. फळीवर झोपा, सतरंजीवर झोपा, असं जुनी माणसंही सांगतात. एक डॉक्टर साहेब माझे जुने गिऱ्हाईक, त्यांनी मला स्पेनमधल्या एका अभ्यासाची माहिती दिली. २००३ साली तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ माणसांना कडक किंवा मीडियम-फर्म गादी दिली होती, आणि कोणाला कोणती दिली हे त्यांना सांगितलं नव्हतं. नव्वद दिवसांनी मीडियम-फर्मवाल्यांना जास्त आराम होता. तेव्हापासून "सगळ्यात कडक" मागणाऱ्याला मी आधी मीडियम-फर्मवर झोपवतो. "ऑर्थोपेडिक" हा शब्द बघून मात्र घेऊ नका, त्याचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. आणि दुखणं कंबरेतून पायात उतरत असेल किंवा पाय बधिर होत असेल, तर गादीआधी डॉक्टर.

पालथं झोपणाऱ्याचं पोट आणि कंबर म्हणजे अंगाचा सगळ्यात जड भाग. तो खाली गेला की पाठ मागं वाकते. त्याला फर्म गादी, वरचा थर इंच-दीड इंचाचा, आणि डोक्याखाली पातळ उशी. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होणाऱ्यानं जाड मेमरी फोम टाळावा. त्यात अंगाचा साचा पडतो आणि कूस बदलताना त्या साच्यातून उठून यावं लागतं. लॅटेक्स लगेच वर येतो, त्याला तोच घ्या.

पडदा

हे सगळं झोपून बघायचं म्हणतो खरं, पण मोंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर, दुकानाच्या दारात, चार पुरुषांसमोर कोणती बाई आडवी होईल? कितीतरी वर्षं हे माझ्या ध्यानातच आलं नाही. बायका कडेवर टेकायच्या, पदर सावरायच्या आणि "बरी आहे" म्हणायच्या. गादी त्यांच्या नवऱ्याच्या अंगानं निवडली जायची. मग मी दुकानाच्या मागच्या भागात पडदा लावला. आत तीन गाद्या, एक पंखा, आणि दुपारी माझी बायको तिथं बसते. आता मावशी, ताई, सुना निवांत दहा-पंधरा मिनिटं झोपतात. एक सून तर खरंच झोपी गेली, सासूनं तिला वीस मिनिटं उठवू दिलं नाही. तुमच्या दुकानात अशी सोय नसेल तर मागून घ्या, आडोसा करायला सांगा. दोन मिनिटांत काही कळत नाही, अंग सैल पडायलाच पाच मिनिटं लागतात.

नवरा-बायकोच्या वजनात फरक मोठा असेल तर काय? मी चौऱ्याण्णव किलोचा, बायको बावन्न. एकच गादी घ्यायची तर आधार जड माणसाच्या हिशेबानं घ्या आणि हलक्याच्या बाजूला मऊ टॉपर टाका. उलटं करू नका. मऊ गादी जड माणसाखाली कडक करता येत नाही. पॉकेट स्प्रिंगमुळे एकाचं हलणं दुसऱ्याला फारसं लागत नाही, पण दुकानात दोघांनी एकदम झोपून कूस बदलून बघाच.

आपला उन्हाळा

मेमध्ये परभणीत पारा ४२-४३ वर जातो, लाइट गेली की कूलर बंद. मेमरी फोम १९६० च्या दशकात अमेरिकेत नासाच्या कामातून, विमानाच्या खुर्च्यांसाठी तयार झाला. उष्णतेनं मऊ पडणं हा त्याचा स्वभावच आहे. म्हणून तो डिसेंबरच्या थंडीत टणक लागतो आणि मेमध्ये अंगाभोवती चिकटून बसतो. एसीच्या शोरूममध्ये तुम्हाला बरोबर वाटलेला मेमरी फोम तुमच्या पत्र्याच्या खोलीत जास्त मऊ आणि गरम निघणार, हे धरून चाला. आपल्याकडं वरचा थर लॅटेक्सचा किंवा साध्या चांगल्या फोमचा घ्या, मेमरी फोम हवाच असेल तर इंचभर पुरे. हायब्रिडचा मोठा फायदा इथंच आहे. स्प्रिंगांच्या मधून हवा खेळते, अख्ख्या फोमच्या गादीत तसं होत नाही.

हवा खेळायला खालूनही वाट हवी. दिवाणाला सलग प्लाय असेल तर सुताराला सांगून इंचभर व्यासाची दहा-पंधरा भोकं पाडून घ्या. कूलरची दमट हवा गादीखाली कोंडली तर बुरशी धरते, मी पावसाळ्याच्या तोंडाला अशा काळ्या पडलेल्या गाद्या उचलल्या आहेत. पट्ट्यांचा पलंग असेल तर दोन पट्ट्यांमधली फट तीन इंचांहून जास्त नको. जुन्या लोखंडी कॉटच्या झोळ पडलेल्या पट्ट्यांवर हायब्रिड टाकू नका, चांगली गादीही तो झोळ घेते. आणि कापसाच्या गादीसारखी ही गच्चीवर उन्हात घालायची नाही. उन्हानं फोम पिवळा पडतो, मग भुगा होतो. तीन-चार महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडं करा, एवढं बस. उलटी करू नका, मऊ थर एकाच अंगाला असतो.

गुंडाळून आलेली गादी उघडल्यावर पूर्ण फुगायला एक ते तीन दिवस जातात, तोवर मत बनवू नका. अंगाला सवय व्हायलाही तीन-चार आठवडे द्या. परत घ्यायची मुदत किती, आणि वॉरंटीत किती खोल खड्डा पडला तर भरपाई मिळते, हे कागदावर वाचून घ्या. डाग पडलेल्या गादीची वॉरंटी बहुतेक कंपन्या मानत नाहीत, म्हणून पहिल्या दिवसापासून खोळ घाला.

लग्नसराईतली गादी हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. संसारसेटमध्ये कपाट, दिवाण, भांडी आणि गादी असं सगळं पोरीचा बाप एका दुपारी उरकतो. ज्यांना तिच्यावर दहा वर्षं झोपायचं, ते दोघं तिथं नसतात. मागच्या वैशाखात पूर्णेकडचे एक मामा आले. सहा बाय साडेसहाची, सगळ्यात भारी दिसणारी गादी हातानं दाबली आणि "हीच बांधा" म्हणाले. मी म्हटलं, "मामा, आधी पोरीला फोन लावा." पोरीचं वजन एकावन्न, झोपणं कुशीवर. तिनं लाजत जावयाला विचारून कळवलं, अठ्ठ्याऐंशी, उताणा. दुसऱ्या दिवशी पोरगी आईला घेऊन आली आणि पडद्याआड झोपून बघून गेली. जावई रविवारी आला.

मी तीन बाय साडेसहाच्या दोन गाद्या दिल्या. दोन्ही आठ इंची, खालची स्प्रिंग सारखीच. तिच्या बाजूला वर दोन इंच मऊ लॅटेक्स, त्याच्या बाजूला तेवढाच कडक फोम. मामा अडून बसले. नव्या जोडप्याला दोन गाद्या दिल्या तर लोक काय म्हणतील? मग दोन्ही गाद्या पट्ट्यानं घट्ट आवळल्या आणि वर एकच खोळ शिवून दिली. मामांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. जोड हाताला लागला नाही, तेव्हा त्यांनी पैसे मोजले.